भोंग्याचा प्लग

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

चुंबक पुन्हा ढासळलं! एकशे अडतीस अँपिअरला. पाहिजेत दोनशे. ज्यांचं हे चुंबक ती बंगळूरची मंडळी तोंडं पाडून बसली, जसं काही मी मुद्दामच केलं. सुनील सर तर माझ्याकडं बघेनातच. वर्कशॉप त्यांचं, नाव त्यांचं, आणि जीव मात्र माझा टांगणीला.

सहा हजार चारशे वेढे घातलेत मी या चुंबकाला. राहात्याला बाबांच्या दुकानात पाण्याच्या मोटारींत तारांचे वेढे भरले, तेच हे हात. पण मोटारीत एखादा वेढा केसभर हलला तर कुणाला पत्ता लागत नाही. इथं उणे दोनशे एकोणसत्तर अंशात तार केसभर सरकली तरी तेवढ्यानं ऊब येते आणि सगळं चुंबक क्षणात गारद. हेलियम भस्सकन उकळून वर! आणि हे जाणार अंतराळात, कुठल्या तरी ताऱ्यांकडून येणारे कण वाकवून मोजायला. तिथं कोण जाणार वेढा दाबायला?

वर्कशॉपमधला कानिफनाथ म्हणाला, "ताई, पहिलारू गाय बी लाथा मारतीच की. दमानं घ्या." तेवढंच हसू आलं दिवसभरात.

६ फेब्रुवारी, गुरुवार

एकशे एकोणपन्नास. चढतंय. दर वेळी ढासळताना तारा जरा जरा जागेवर बसतात, असं बंगळूरवाले म्हणतात. बसोत बाई.

१० फेब्रुवारी, सोमवार

कानिफनाथ नसता तर मी केव्हाच राजीनामा फेकला असता. हा मूळचा नेवाशाकडचा. बारा वर्षं दूध संघात गाई भरवायला जायचा, गोठवलेल्या वीर्याचं, नायट्रोजन भरलेलं कॅन मोटरसायकलला बांधून गावोगाव. आता चुंबक गार करायचं काम त्याचं. आधी नायट्रोजन, मग हेलियम. आज सगळ्यांसमोर म्हणतो, "ह्या नायट्रोजननं माझ्या हातून तीन हजार वासरं झाली!" बंगळूरच्या पोरींना मराठी कळत नाही ते बरं.

चुंबकाचं भांडं तीन मीटर खोल खड्ड्यात बसवलंय. पहिल्या दिवशी हा दोरीला कंदील बांधून घेऊन आला होता. "विहिरीत उतरायच्या आधी सोडतो आमी. इझला तर उतरायचं न्हाई." मला हसू आवरेना. म्हटलं, भाऊ, ही काय गावची विहीर आहे का? भिंतीवरचा भोंगा दाखवला. ऑक्सिजन कमी झाला की कोकलतो. भोंगा गप्प म्हणजे हवा चांगली, निर्धास्त उतरा. त्यानं कंदील घरी नेला.

चुंबक ढासळलं, हेलियम सुटला की तो भोंगा कोकलतोच. कानिफनाथ वैतागतो — "ह्याचा गळा दाबला पायजे एकदा!" सगळे हसतात.

१७ फेब्रुवारी, सोमवार

एकशे एक्क्याऐंशी. पण आलेखावर बारीक बारीक काटे येतात. कुठला वेढा हलतोय ते त्या काट्यांत दिसतच नाही. दोन दिवस शोधलं. तो भोंगा! त्याच्या वायरीतून येतंय सगळं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

एकशे चौऱ्याण्णव!! दुपारी भोंग्याचा प्लगच काढून ठेवला मी. आलेख काय स्वच्छ आला, बघत राहावं! उद्या दोनशे होणार. सुनील सरांनी स्वतः चहा आणून दिला — मला! घरी येऊन आईला म्हटलं, तुझी पोरगी अंतराळात चालली.

प्लग — आत्ता आठवलं. परत लावलाच नाही. वॉचमनला फोन करावा का? जाऊ दे, तो नको तिथं हात घालायचा. सकाळी जाऊन आधी तेच.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मला पोचायला दहा मिनिटं उशीर झाला.

कानिफनाथ नऊलाच खड्ड्यात उतरला होता. नायट्रोजनच्या नळीचा नट आवळायला. रात्रभर तिथून गळत होतं, खड्ड्यात ऑक्सिजन उरलाच नव्हता. धूर नाही, वास नाही. दोन श्वासांत पडला असणार. मी आत शिरले तर फिटर मच्छिंद्र शिडीवर पाय ठेवत होता. मी त्याला कॉलर धरून ओढला. उतरला असता तर तोही गेला असता. हवेचा पाइप खाली सोडला, दोराचा फास टाकला, हातात अडकेना. सहा मिनिटं. कदाचित सात. वर काढला तेव्हा ओठ जांभळे.

श्वास आहे. बाकी काही नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

काल सगळं लिहिलं नाही. आज लिहिते.

अँब्युलन्स गेल्यावर मच्छिंद्रला लोंबणारा प्लग दिसला. "हा कुणी काढला?" सुनील सर म्हणाले, "कानिफनाथनंच. कायम कटकट होती त्याची, गळा दाबायला पाहिजे म्हणायचा." सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी मान हलवली. हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही. नुसती हलवली.

तो शुद्धीवर आला की पहिलं त्याला सांगेन. मग बाकीच्यांना. देवाशपथ.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

चौकशीला सरकारी साहेब आले. प्लग काढला तरी भोंगा चालू ठेवणारी बॅटरी जानेवारीतच गेलेली, त्यावर सरांना दोन शब्द ऐकवले. मग प्लग. मला विचारलं, "तुम्ही काढताना पाहिलं त्याला?" मी म्हटलं, नाही. हे खोटं नाही ना! खरंच नाही पाहिलं मी त्याला.

साहेबांनी लिहून घेतलं — कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. मी खाली सही केली.

४ मार्च, मंगळवार

दवाखान्यात गेले. कानिफनाथची बायको रेश्मा व्हरांड्यात बसलेली, डोळे सुजलेले. "ताई, खरंच ह्यांनीच बंद केलं का वो? घरात साधं दिव्याचं बटन बी न इचारता दाबत न्हाईत." सांगायचंच म्हणून मी तिच्याशेजारी बसले. तेवढ्यात नर्सनं तिला हाक मारली.

जिन्यात बसून रडले. नंतर वर गेले नाही.

९ मार्च, रविवार

डोळे उघडले त्यानं! मच्छिंद्रचा फोन आला. रेश्माला ओळखतो, पोरांना ओळखतो. त्या आठवड्याचं मात्र काहीच आठवत नाही. बोलताना शब्द सापडत नाहीत, उजवा हात थरथरतो. डॉक्टर म्हणाले, मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही तेवढा वेळ, आता एवढंच.

उद्या जाते. उद्या नक्की.

१० मार्च, सोमवार

बंगळूरवाले आले. चुंबक पुन्हा गार करायला घेतलं. निघताच आलं नाही.

खोटं. सहाला मोकळी होते मी.

१९ मार्च, बुधवार

दोनशे झाले.

दोनशे चार अँपिअर, सोळा तास, एकही वेढा हलला नाही. टाळ्या, पेढे, फोटो. मला मधे उभं केलं. भोंग्याचा हिरवा दिवा मागं चालू होता, आता त्याला दोन बॅटऱ्या आहेत. लाज वाटायला पाहिजे होती, आणि मला आनंद झाला. खराखुरा आनंद झाला. असली मी.

२ एप्रिल, बुधवार

चुंबक गेलं बंगळूरला. कानिफनाथला कामावरून कमी केल्याचं पत्र गेलं. सर म्हणाले, "चूक त्याची आहे, मी तरी काय करणार?" मी म्हटलं, सर, एक बोलायचं होतं. ते म्हणाले, बोल. मी म्हटलं, नवीन तारेची ऑर्डर द्यायची आहे.

थू माझ्या तोंडावर.

१३ एप्रिल, रविवार

कानिफनाथ आला होता घरी. रेश्माच्या खांद्यावर हात ठेवून, एक एक पाऊल टाकत. आई पाणी आणायला गेली. तो बसला नाही. थरथरता हात दुसऱ्या हातानं धरून जोडला.

"ताई... समद्यांनी सांगितलं मला. भोंगा... म्याच बंद केला हुता. तुमाला लई तरास झाला माझ्यापायी. माफ करा."

मी म्हटलं, "असू दे, भाऊ."