मुसांब्याच्या पट्ट्या

प्रिय लुटाया,

जिंजाला जाणाऱ्या केळ्यांच्या ट्रकवाल्याबरोबर हे पत्र आणि तळलेल्या नाकतोड्यांचा डबा पाठवतेय. पंख-पाय नाकिबूकाने खुडलेत, त्यामुळे एखादा राहिला असेल तर तिला बोल, मला नको. तुझी बहीण सगळं मनापासून करते, फक्त शेवटपर्यंत करत नाही. फोनवर तू ‘बरा आहे, आई’ एवढंच म्हणतोस आणि मीही ‘आम्हीही बरे’ म्हणून ठेवून देते. आज लिहायला बसले, कारण तू घरी यावंस असं मला वाटतं आणि ते नीट सांगायला फोन पुरत नाही.

मागच्या नाकतोड्यांच्या मोसमात तू गेलास, ते मी विसरलेले नाही. भर दुपारी अंगणात बसून तू वडिलांनी विकायला केलेल्या नव्या अमादिंडाच्या वाजवायच्या लाकडी पट्ट्या पोटाकडून तासत होतास. ते पट्ट्या मांडायला केळीचे खांब तोडून आले आणि तुझ्या हातात सुरी बघून असे भडकले, की शेजारचा सेबुन्या कुंपणाशी येऊन उभा राहिला. ‘बापाला सूर शिकवतोस? माझे हात चालताहेत तोवर माझ्या पट्टीला दुसऱ्याची सुरी लागायची नाही. नीघ इथून.’ तू सुरी खाली ठेवलीस आणि एक शब्द न बोलता पिशवी भरलीस. मलाही तुझा राग आला होता. मुसांब्याचं लाकूड त्यांनी किती जपून वाळवलेलं, आणि पोरानं न विचारता त्याला हात लावावा? तासलेलं लाकूड काही परत चिकटत नाही.

तेव्हापासून अमादिंडावर वडिलांच्या समोर, तुझ्या जागी सेबुन्या बसतो. माणूस भला, पण वाजवतो मका कांडल्यासारखा. एकाने दुसऱ्याच्या दोन ठोक्यांच्या मधे ठोका घालायचा, तर हा नेमका वडिलांच्याच ठोक्यावर येऊन पडतो. ‘अरे, माझ्या ताटात का जेवतोस?’ असं ते त्याला म्हणायचे. हल्ली म्हणत नाहीत. मला वाटलं, वयाने निवळले. रेडिओ मात्र इतका मोठ्याने लावतात, की बातम्या सगळ्या टेकडीला फुकट मिळतात.

तू तासलेला तो अमादिंडा त्यांनी आपल्या मनासारखा पुन्हा लावला आणि नाकिबूकाच्या शाळेला दिला. तो परत आला. मास्तर बिचारे अदबीने म्हणाले, पोरांच्या गाण्याशी जुळत नाही. वडिलांनी सूर परत लावून दिला, तर तो पुन्हा दारात. त्या दिवशी मी मटोके वाढून त्यांना हाका मारत होते. घसा बसला तरी ओ नाही. मागे जाऊन बघते तर पट्टी कपाळाला टेकवून तिच्यावर हळूहळू ठोकत होते. खांद्याला हात लावला तशी दचकले. मी ताट तिथेच आणून दिलं.

काल सकाळी त्यांनीच बोलावलं. ‘लुटायाच्या आई, इथे बस.’ एकाच सुराच्या दोन पट्ट्या, एक मोठी एक लहान, ठोकल्या आणि म्हणाले, ‘खरं सांग, जुळतात का?’ मला सुरातलं काय कळतं? पण जुळत नव्हत्या हे मलाही कळलं. मी मान हलवली. मग त्यांनी पट्टीवर हात ठेवला. ‘म्हणजे त्या दिवशी पोरगा बिघडवत नव्हता. मी बिघडवलेलं, गिऱ्हाइकाला कळायच्या आत नीट करत होता. मग तेव्हा बोलला का नाही?’ मी म्हटलं, ‘काय बोलणार? बापाला बहिरा म्हणणार?’ ते रडले, बाळा. मीही रडले. एवढं तू एकट्याने पोटात ठेवलंस. हे पत्र त्यांनीच लिहायला सांगितलंय. म्हणाले, ‘त्याला लिही, येऊन समोर बस म्हणावं. मी तासतो, त्याने फक्त थांब म्हणायचं. आणि मला ऐकू आलं नाही, तर माझा हात धरायचा.’

वाट बघणारी, तुझीच,
आई