दादांचा फ्लेक्स दोन तास खाली घेण्याबाबत

प्रति,
मा. ग्रामपंचायत अधिकारी,
ग्रामपंचायत कार्यालय, चिंचोळवाडी,
ता. अहमदपूर, जि. लातूर.

विषय : क्रेनचा हायड्रॉलिक सिलिंडर खोलण्यापूर्वी तिच्या बूमवर टांगलेले मा. शिवप्रसाददादा दोन तासांकरिता खाली उतरवण्याचा आदेश मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदार व तिचे पती यांच्यात काल जेवताना झालेली चर्चा (निष्फळ).

महोदय,

अर्जदार सौ. पुनम सोमेश बिराजदार, बी.एस्सी., सादर करते की, तिचे पती सोमेश यांचे क्रेनदुरुस्तीचे गॅरेज राहत्या घराला लागूनच आहे. मध्ये फक्त एक पत्रा. पत्र्याला भोक आहे व त्या भोकाला अर्जदाराच्या दोन वर्षांच्या मुलीचा, शिवानीचा, डोळा दिवसभर लागलेला असतो.

१. परवा दादांचा वाढदिवस आहे. दादांना क्रेनने हार घालायची आपल्या गावची रीत आपण जाणताच. रंगीत तालमीत बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, आपोआप खाली सरकला आणि हार गळ्याऐवजी दादांच्या गुडघ्यांत आला. बूम पेलणाऱ्या सिलिंडरचे सील गेले आहे व क्रेन आता पतीच्या गॅरेजात आहे.

२. सिलिंडर खोलायचा तर आधी बूम जमिनीला टेकवावा, इंजिन बंद करावे, लिव्हर मागेपुढे हलवून आत कोंडलेले प्रेशर सोडावे, मगच पाइपाला हात लावावा. हे पतीस चांगले ठाऊक आहे. "बूम वर ठेवून सिलिंडर खोलणं म्हणजे खांब काढून माळवदाच्या छताखाली झोपणं," असे ते गिऱ्हाइकांना सांगतात.

३. अडचण एवढीच, की बूमवर दादांचा वीस फुटी फ्लेक्स आहे. बूम खाली घ्यावा तर दादा चिखलात. दादांचे कार्यकर्ते बालाजी यांनी पतीस विचारले, "सोमेशअण्णा, वाढदिवसाच्या आधीच दादाला आडवं करायलात का?" मग फ्लेक्सच सोडून ठेवा, असे अर्जदाराने सुचवले. त्यावर बालाजी म्हणाले, "वहिनी, दादा एकदा वर लागले की तारखेच्या आधी उतरत न्हाईत. तुम्हाला राजकारण कळत न्हाई." सबब बूमला खालून बाभळीच्या लाकडाचा टेकू देऊन तसाच सिलिंडर खोलायचे ठरले. लाकडापुढे नारळ फोडला आहे, वर लिंबू बांधले आहे. लिंबू किती टन पेलते, असे अर्जदाराने विचारले असता सासूबाई रत्नम्मा म्हणाल्या, "देवाला टन विचारायचे नसतात, बाई."

४. कोंडलेले तेल पाइप ढिला होताच सुईसारखे सुटते व कातडीत शिरते. तेलाला कोणाचा वाढदिवस माहीत नसतो. लाकूड सरकले तर दादा खाली येतीलच. फरक इतकाच, की तेव्हा त्यांच्याखाली शिवानीचे वडील असतील आणि पत्र्याच्या भोकातून ती बघत असेल.

५. फ्लेक्स आपल्या परवानगीने लागला आहे. तो आज दोन तास उतरवण्याचा लेखी आदेश व्हावा. आदेशात 'सुरक्षा' हा शब्द नको, त्याला इथे कोणी भीत नाही. 'दादांवरील धूळ पुसण्याकरिता' असे लिहावे. पुसायला अर्जदार स्वतः फडके घेऊन येईल.

६. तोवर काम थांबावे म्हणून सिलिंडरचा नट खोलायचा पाना अर्जदाराने आज सकाळी गुपचूप उचलला आहे. पती तो गॅरेजभर शोधत आहेत. एरवी दहा नंबरचा पाना हरवला तरी त्यांची ओरड गल्ली ऐकते, आज मात्र आवाज नाही. त्यावरून, तो सापडू नये असे त्यांनाही वाटत असावे.

आपल्या सहीकडे डोळे लावून बसलेली,
सौ. पुनम सोमेश बिराजदार
दि. १८/०७/२०२५

सोबत : सदर पाना, एक नग. (जड आहे, दोन्ही हातांनी घ्यावा. बूम जमिनीला टेकेपर्यंत पतीस, बालाजी यांस किंवा खुद्द दादांस देऊ नये.)