जावयाचं पान

किलकेनी, आयर्लंड
२४ सप्टेंबर २०२५

प्रिय रेवा,

तुला आणि तान्याला पोटभर आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा सोडला तर आता दुखण्यासारखं माझ्यात फारसं उरलेलं नाही.

पत्र बघून दचकू नकोस. ऑगस्टपासून तुमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपचे फोन लागेनासे झाले. लागलाच कधी, तर 'हॅलो, ऐकू येतंय का' करण्यातच वेळ जातो, आणि काही गोष्टी ओरडून सांगण्यासारख्या नसतात. इथून रशियाला सरळ विमान नाही, पोस्टाचा भरवसा नाही. म्हणून अभिजितच्या कंपनीतला विनय सुट्टीला पुण्याला निघालाय, त्याच्याकडे हे देतेय. पुण्याहून समाराला परत येणाऱ्या तुमच्या कॉलेजच्या कुणा मुलीच्या बॅगेतून ते तुझ्याकडे पोचेल. द्राविडी प्राणायाम आहे खरा, पण मीसुद्धा तुझ्याकडे अशीच पोचले होते की नाही?

इकडे लेकाच्या घरी सगळं ठीक. अभिजित रोज गाडी हाकत वॉटरफोर्डच्या कारखान्यात जातो. नात शिवांगी इथल्यासारखं कपाटाला 'प्रेस' म्हणते. पहिल्या आठवड्यात मी चार वेळा इस्त्री शोधली. परवा घट बसले. धुराचा भोंगा लगेच बोंबलतो, म्हणून अखंड दिवा बॅटरीचा लावलाय. देवी बिचारी चालवून घेते. डब्लिनच्या विमानतळावरच्या साहेबाने माझा पासपोर्ट चाळला आणि तुमच्याकडचा शिक्का बघून विचारलं, रशियात काय काम होतं? म्हटलं, लेक असते. त्याने शिक्का मारला आणि हळूच म्हणाला, देव तिला सांभाळो. मी तिथेच रडले, रांगेत, सगळ्यांसमोर.

तुझ्याकडचे ते दिवस माझ्या मागे लागलेत ग. तिकडे येताना ड्रोन आले म्हणून विमानतळच बंद झाला आणि मी मॉस्कोत बॅगेवर डोकं ठेवून पडले. माझं कार्ड तुमच्याकडे चालेना. तुझ्या त्या टॅक्सीवाल्याचा मोबाइलवरचा नकाशा आपल्याला भर रस्त्यात व्होल्गा नदीच्या मधोमध दाखवत होता आणि तान्या 'आजी, पोहायला ये' म्हणून हसत होती. बाजार भरलेला, लोक आइस्क्रीम खातायत, वाळूत उघडे पडलेत. मी मनात म्हटलं, कुठे आहे युद्ध? आणि घरी येऊन बघते तर मोबाइलचं नेट गेलेलं, कोल्याचा शेवटचा निरोप उघडेना, आणि तू, दवाखान्यात दिवसभर दुसऱ्यांना धीर देणारी माझी डॉक्टर लेक, फोन छातीशी धरून जमिनीवर बसलेली. तेव्हा कळलं कुठे आहे ते.

जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणारा माझा जावई. त्याच्या हातात बंदूक दिली, आणि नोव्हेंबरपासून 'बेपत्ता' हा एकच शब्द. अभिजित फोनवर तुला तेच तेच सांगायचा, कोर्टात अर्ज कर, तो गेल्याचा कागद घे, पोरीला घेऊन नीघ. तू एकदाच उत्तर दिलंस. "तो आला आणि दार बंद असलं तर?" खरं सांगते, मी तेव्हा अभिजितच्या बाजूची होते. एक गेला तो गेला, दोघी तरी हाताशी याव्यात असं मला वाटायचं. आईचा जीव स्वार्थी असतो.

आता जे सांगायचं ते सांगते. सकाळपासून तीनदा चहा करून झाला.

तू ड्यूटीवर असताना विहीणबाई मला एकदा चर्चमध्ये घेऊन गेल्या, आठवतं? आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, तरी गालिनाबाईंनी माझा हात धरला की मला सगळं कळायचं. त्यांनी एक मेणबत्ती घेतली, पेटवली, आणि घेऊन नुसत्याच उभ्या राहिल्या. कुठे लावावी ते त्यांना सुचेना. मेण त्यांच्या बोटांवर ओघळायला लागलं. मला बघवेना. मी ती त्यांच्या हातातून घेतली आणि समोर जे चौकोनी टेबल होतं, छोटा क्रूस ठेवलेलं, त्यावर लावून मोकळी झाले. आपल्याकडे देवळात कुठल्याही समईपाशी वात लावली तरी देवाला पोचते, तसंच असेल म्हटलं. हात जोडून म्हणाले, आमच्या जावयाला सुखरूप आण. मागे वळले तर गालिनाबाईंचा चेहरा पांढराफटक. घरापर्यंत त्यांनी माझा हात धरला नाही.

पुढच्या आठवड्यात तू बोलता बोलता सांगितलंस की ते चौकोनी टेबल मेलेल्यांचं. जिवंत माणसाची मेणबत्ती तिथे कधी लावायची नसते. मी भेंडी चिरत होते. मान वर केली नाही.

रेवा, त्या दिवसापासून तो मला ऐकू येतो. कोल्या घरात शिरताना उंबऱ्यावर बूट दोनदा आपटायचा ना, बर्फ झाडायला? उन्हाळ्यातसुद्धा आपटायचा, आणि मी चिडवायचे, जावईबापू, बर्फ वितळला. तो आवाज इथे अभिजितच्या मागच्या दाराशी येतो. भर दुपारी. अभिजित म्हणतो हीटिंगचे पाइप आहेत. मी जाऊन दार उघडते, बाहेर कुणी नसतं. मला भीती वाटते, आणि आवाज आला नाही की जास्त वाटते.

म्हणून सर्वपित्रीला मी जे केलं ते केलं. दरवर्षीसारखा तुझ्या बाबांचा स्वयंपाक केला, खीर, वडे, भोपळा, कढी. अभिजितने पान मागच्या अंगणात भिंतीवर ठेवलं आणि आत आला. मग मी गुपचूप दुसरं पान वाढून नेलं. त्यावर खीर-वडे होतेच, शिवाय पोलिश दुकानातला काळा पाव आणि त्यावर माझा ठेचा, तो खायचा तसा, नाक पुसत. मनाशी ठरवलं होतं, कावळा शिवला तर तुला लिहायचं, बाई ग, संपलं, आता ऊठ आणि ये. नाही शिवला तर तो आहे, आणि मी लावलेली मेणबत्ती खोटी.

इथले कावळे चोचीपाशी पांढुरके असतात, पिठात तोंड घातल्यासारखे. बाबांच्या पानावर लगेच तुटून पडले. ह्यांना जन्मभर जेवायची घाई. शेजारच्या पानाकडे मात्र एकही फिरकेना. बाबांचं पान साफ झालं, कावळे उडाले, कोल्याचं पान तसंच. मी खिडकीतून बघत होते. इतकं हलकं मला वर्षभरात वाटलं नव्हतं.

आणि मग एक परत आला. पानाच्या कडेला बसला, मान तिरकी करून पावाकडे बघितलं, आणि चोच खाली घातली.

मी कशी धावले ते मला माहीत नाही. गुडघा, चप्पल, पाऊस, कशाचं भान नव्हतं. टाळ्या पिटत, हुश्श हुश्श करत त्याला पार कुंपणापलीकडे हाकलला. पितरांसाठी आलेला कावळा उडवून लावणारी बाई आपल्या सात पिढ्यांत झाली नसेल.

अभिजित मागे येऊन उभा होता. त्याने दोन पानं बघितली. काय समजायचं ते समजला.

"म्हणजे तुलाही वाटतं तो गेला," म्हणाला.

"गेला असं वाटत असतं, तर जेवू दिलं असतं की कावळ्याला."

मग मी तिथेच, पावसात, ते पान जेवले. सगळं. वाढलेल्या पितरांच्या पानाला घरच्या माणसाने तोंड लावायचं नसतं, मला ठाऊक आहे. पण ते पितरांचं नव्हतंच. जावयाला यायला उशीर झाला, म्हणून सासूने संपवलं. अन्न टाकायचं नसतं. अभिजितने छत्री आणून माझ्यावर धरली आणि खाणं होईपर्यंत तशीच धरून उभा राहिला.

चोच लागली होती का, हे मला विचारू नकोस. माझा चष्मा पावसाने भरला होता, असं मी अभिजितला सांगितलं. तुलाही तेच सांगते.

त्याला बजावलंय, अर्जाचं नाव पुन्हा काढायचं नाही. तुला यावंसं वाटेल तेव्हा ये. नाही वाटलं तर मीच परत येते, गुडघ्यासकट. मेणबत्तीचं तुला सांगितलं नाही म्हणून विहीणबाईंशी भांडू नकोस, त्यांनी ते एकटीने पोटात ठेवलंय. त्यांना माझ्या वतीने जवळ घे.

कोल्याचं एक जेवण मी खाल्लंय, ते माझ्याकडे राहिलं. त्याला वाढल्याशिवाय मी कुठे जात नाही.

अखंड सौभाग्यवती हो.

तुझी आई