कानिफनाथची जहाजं

४ नोव्हेंबर १९७२, पाथर्डी
आलो एकदाचा. एस.टी.तून उतरलो तेव्हा अंगावर बोटभर धूळ होती, पण मन प्रसन्न. हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर म्हणून कायमची नेमणूक. राहीबाईंच्या घरात पुढची खोली मिळाली. बाई साठीच्या, एकट्या. विहिरी आटल्यात, पाणी टँकरचं. तरी पाय धुवायला त्यांनी तांब्याभर दिलं.

६ नोव्हेंबर
राहीबाईंचा मुलगा कानिफनाथ मालवाहू जहाजावर रंगारी होता. दोन वर्षांपूर्वी मोंबासाला जाताना समुद्रात पडला; सापडला नाही. कंपनीने त्याची पेटी तेवढी पाठवली. तीतली वही आज बाईंनी माझ्यापुढे ठेवली. वाटेत दिसलेलं प्रत्येक जहाज त्याने पेन्सिलीने काढलंय. धुराडी, दोरखंड, गंजाचे ओघळसुद्धा. असा हात शिकवून येत नाही.

९ नोव्हेंबर
शेवटचं चित्र आज नीट पाहिलं. ते त्याचंच जहाज. मागच्या अंगाला 'मालती' हे नाव वाचता येतं. पण खालून पाहिलेलं. लाटा डोळ्यांच्या वर, आणि जहाज पाठ करून दूर चाललेलं. पाण्यात पडलेल्या माणसालाच असं दिसेल. मग काढलं कधी? आधीच कल्पनेने काढलं असेल, अशी मी मनाची समजूत घातली.
राहीबाई म्हणाल्या, "मास्तर, लई पानी हाय ह्यात. माझ्या लेकराला काठ काढून द्या."
नाही म्हणवेना. कोपऱ्यात काठ काढला, काठावर हेच घर. बाई बराच वेळ त्यावरून बोट फिरवत बसल्या.

११ नोव्हेंबर
पुढच्या कोऱ्या पानावर चित्र आहे. मी काढलेलं नाही. नुसतं पाणी आणि लांबवर काठ. रेघ कानिफनाथचीच. राहीबाईंनी जन्मात पेन्सिल धरलेली नाही.

१२ नोव्हेंबर
आणखी एक पान. काठ जवळ आलाय. कागद ओलसर. बोट जिभेला लावलं, खारट.

१४ नोव्हेंबर
काठ खोडायला बसलो. रबर झिजलं, रेघ गेली नाही. शेवटी पान फाडून चुलीत घातलं. शाळेतून आलो तर नव्या पानावर पाणी नाही. गावाचा रस्ता, दोन्हीकडे भेगाळलेली रानं. पाहणारा जमिनीलगत आहे. सरपटत असावा —

१५ नोव्हेंबर
राहीबाईंना सांगितलं. घाबरल्या नाहीत. तिघांच्या भाकरी थापल्या. "येतोय तर येऊ द्या की. आईकडंच येतोय."
दोन वर्षं पाण्यात राहिलेला माणूस काय होऊन येईल, असं विचारलं. त्यांनी तिसरं ताट मांडलं.

१६ नोव्हेंबर, सकाळ
आजच्या पानावर आमची गल्ली. दुपारच्या एस.टी.ने निघायचं. बाई यायला तयार नाहीत. त्यांना एकटं टाकून कसा —

दुपार
एस.टी. गेली. रस्त्यात चिटपाखरू नाही. काहीतरी ओलं, जड, ओढत आलं. ओट्याशी थांबलं.
बाई उठल्या. "सोडा मास्तर, लेकरू उनात हाय." मी आडवा आलो. दाराला पाठ लावून लिहितोय. उंबऱ्याखालून पाणी येतंय —

हाक आली. आवाज त्याचाच, बाई म्हणतात. पण हाक 'मास्तर' अशी. पुन्हा. पुन्हा —

बाईंनी माझा हात घट्ट धरलाय. "उघडू नगा. माझं लेकरू दारात आलं की आदी आईला हाक मारायचं. ह्यो दुसराच कुनी —"

पाठीशी कडी हलते. मी धरलीय, दोन्ही हातांनी धरायला हवी, पेन्सिल ठेव —