कालव्याकाठचा कॅप्टन

६ एप्रिल, रविवार
ठरलं. मे महिन्याच्या सुरुवातीला सायकल ट्रिप. आधी कालव्यांचा प्रदेश, मग टेकड्या. तिघं जाणार. मी, डेंटिस्ट आणि मेहुणा. डेंटिस्ट म्हणजे शाळेतला माझ्या बाकावरचा मित्र. जानेवारीत त्याचे वडील गेले, तेव्हापासून गप्प गप्प असतो. मोकळी हवा आणि माझी सोबत, दोन्हीची त्याला गरज आहे. मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. त्याला कशाचीच गरज नाही, पण त्याच्या गाडीवर सायकली बांधायचं स्टँड आहे.
कॅप्टन मी. फोनवर तसं जाहीर केलं. दोघंही बराच वेळ काही बोलले नाहीत. म्हणजे एकमत.

८ एप्रिल, मंगळवार
लायब्ररीतून कालव्यांवरचं जाडजूड पुस्तक आणलं. काय माणसं होती! अख्खा कालवा कुदळ-फावड्याने खणला. चष्म्याच्या दुकानात एका गिऱ्हाइकाचे डोळे तपासताना त्याला सगळं सांगितलं. खालच्या दोन ओळी वाचायच्या आधीच तो उठून गेला. नंबर फारसा नसावा.
उद्यापासून पहाटे ट्रेनिंग.

९ एप्रिल, बुधवार
ट्रेनिंग उद्यापासून. दमण्याआधीच विश्रांती घेतलेली बरी.

१३ एप्रिल, रविवार
पहिली राइड, नदीवरच्या पुलापर्यंत. जाताना वारा समोरून. येतानाही समोरून. निसर्गाचं काही खरं नाही.
दोघं पुढे गेले, मी मुद्दाम मागे राहिलो. कॅप्टनने मागून सगळ्यांवर लक्ष ठेवायचं असतं. ते दिसत नसल्यामुळे लक्ष ठेवता आलं नाही.
सायकलिंगची ती घट्ट चड्डी घालून निघालो तर ही म्हणाली, अहो, मागच्या दाराने जा.

२२ एप्रिल, मंगळवार
पूर्ण आराखडा तयार. प्रत्येक जुन्या वास्तूपाशी थांबायचं, मी माहिती सांगायची. डेंटिस्टला फोनवर वाचून दाखवला. म्हणाला, थांबे थोडे कमी करता येतील का रे? म्हटलं, लेका, तुझं मन रमावं म्हणूनच एवढा खटाटोप. तो म्हणाला, हं. गहिवरला असावा.

१ मे, गुरुवार. संध्याकाळ
निघालो! मेहुण्याने गाडी कालव्याच्या तोंडाशी लावली आणि तिथून सायकली. कालव्याच्या कडेने सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना उंच सरळसोट झाडं, मधे हिरवं, जवळजवळ न हलणारं पाणी. अधूनमधून कालव्याचे मोठे लाकडी दरवाजे. दोन दरवाज्यांच्या मधे पाणी भरायचं, की बोट आपोआप वरच्या पातळीला चढते. हे दोघांना पहिल्या दरवाज्यापाशी सांगितलं. दुसऱ्यापाशी पुन्हा सांगितलं, पहिल्यांदा मेहुण्याचं लक्ष नव्हतं.
माझी पिशवी जरा जड झाली आहे. पुस्तक, पुस्तकाचा दुसरा खंड, दुर्बीण. मेहुणा म्हणाला, भाऊजी, खंड ठेवा गाडीत. इतिहास गाडीत ठेवून कसं चालेल?
दुपारी डेंटिस्ट एकदम म्हणाला, बाबा असते ना, तर... तेवढ्यात डाव्या हाताला जुनी पाणचक्की आली. वेळेवर नजर गेली म्हणून, नाहीतर सांगायचीच राहिली असती.
रात्री जेवताना दोघंही अबोल. इतिहास आत झिरपायला वेळ लागतो.

२ मे, शुक्रवार. दुपार
चिंता. टीम हरवली आहे.
सकाळी कालव्याला फाटा फुटतो तिथे पोचलो. डेंटिस्ट म्हणाला, तू आरामात ये, आम्ही जरा पुढे जाऊन प्यायचं पाणी मिळतंय का बघतो. म्हटलं बघा. तेव्हापासून पत्ता नाही. फोन दोघांचेही बंद. मेहुण्याला दिशांचं ज्ञान शून्य. त्याच्या नादाने डेंटिस्टही भरकटला असणार.
इथल्या दरवाज्याचं चाक फिरवणाऱ्या बाईंकडे चौकशी केली. सायकलवरून दोन पुरुष हरवले आहेत म्हणालो. बाई म्हणाल्या, आत्ताच गेले की दोघं, खिदळत खिदळत, खालच्या काठाकडची जवळची वाट विचारून. म्हणजे ते दुसरेच कुणीतरी. माझ्याबरोबर हे दोघं कालपासून एकदाही हसलेले नाहीत.
बाईंना बोट कशी चढते ते सांगायला लागलो. त्या म्हणाल्या, मी इथे राहते. तरी सांगितलं.

त्याच दिवशी, संध्याकाळ
टेकडी चढलो. चढ फसवा आहे. प्रत्येक वळणानंतर वाटतं आलाच माथा, आणि वर आणखी एक वळण उभं. बहुतेक अंतर सायकल हातात धरून चालत. उतरून चालणं हाही सायकलिंगचाच भाग आहे, फक्त लोकांना तो माहीत नाही. एक आजीबाई भाजीची पिशवी घेऊन मला मागे टाकून गेल्या. त्यांना रोजची सवय असणार.
माथ्यावरच्या गेस्ट हाउसवर पोचलो. वाटलं दोघं दारात काळजीत उभे असतील. मालकीण म्हणाली, तुमची खोली तयार आहे. म्हटलं, आणि माझ्या मित्रांच्या? म्हणाली, त्यांनी त्यांच्या खोल्या परवाच रद्द केल्या की.
परवा. म्हणजे निघायच्या आधी.
काहीतरी गैरसमज असेल. मालकिणीला तारखा नीट कळत नसाव्यात. एकट्याने सूप प्यायलो. खिडकीतून खालचा सगळा कालवा दिसतो, पण दाखवायला कुणी नाही.

३ मे, शनिवार
सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर मेहुण्याचा फोटो आला. खालच्या कालव्याच्या काठी दोघं पाण्यात पाय सोडून बसलेत. डेंटिस्ट तोंडभर हसतोय. जानेवारीनंतर त्याचे दात मला पहिल्यांदा दिसले. खाली मेहुण्याने लिहिलंय, ‘अहाहा, काय शांतता!’
क्षणात फोटो डिलीट. चुकीच्या ग्रुपवर पडला असणार. म्हणजे बरोबर ग्रुप दुसराच कुठलातरी आहे, आणि त्यात मी नाही.
हा विश्वासघात आहे. दुसरा शब्द नाही. मेहुण्याचं सोडा, तो बायकोकडचा. पण डेंटिस्ट! शाळेत ह्याच्यासाठी मी मार खाल्ला. ह्याच्या लग्नात मी भाषण केलं, लोक उठून जेवायला गेले तरी थांबलो नाही. त्याने केसाने गळा कापावा?
हिला फोन केला. मी काही बोलायच्या आत म्हणाली, पोचलात का एकटेच?
एकटा आहे हे मी सांगितलंच नव्हतं.

४ मे, रविवार. घरी
बसने आलो. कंडक्टरने सायकल घ्यायला आधी नकार दिला, मग माझा चेहरा बघून घेतली.
हिची उलटतपासणी केली. तिने फार ताणलं नाही. दोघं ट्रिपच्या आधी तिला भेटायला आले होते म्हणे. ट्रिप रद्द कशी करायची, तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून काकुळतीला आलेले. हिनेच सुचवलं. म्हणाली, फाट्यावर पुढे निघून जा, त्यांना वाटेल तुम्हीच हरवलात, ते तुम्हाला शोधत बसतील आणि खुशीत राहतील.
म्हणजे घरातही फितुरी.
ही म्हणाली, मग, नव्हतात का खुशीत? शुक्रवारी दुपारपर्यंत? मी सायकलची हवा तपासायला गेलो. हो म्हटलं असतं तर तिचंच खरं ठरलं असतं.

५ मे, सोमवार
निर्धार. डेंटिस्टशी कायमचा अबोला. त्याने फोन केला तरी उचलायचा नाही.

६ मे, मंगळवार
त्याने फोन केला नाही. असा कसा अबोला धरायचा?

७ मे, बुधवार
समोरासमोर सोक्षमोक्ष लावायला त्याच्या दवाखान्यात गेलो. रिसेप्शनवरची मुलगी अपॉइंटमेंटशिवाय सोडेना, म्हणून दाढ दुखते असं ठोकून दिलं. खुर्चीत आडवा झालो. भाषण पाठ होतं. पहिलं वाक्य होतं, तीस वर्षांच्या मैत्रीचे हेच का पांग फेडलेस? तोंड उघडलं आणि ह्याने लगेच आत कापसाचे बोळे, आरसा आणि ती पाणी ओढणारी नळी घातली.
दाढ खरोखरच किडलेली निघाली. स्वतःच्या तोंडातूनही दगा.
आणि मग तो बोलायला लागला. मशीन चालवत, माझ्याकडे न बघता. म्हणाला, मी केलं ते नीच होतं, मला माहीत आहे. म्हणाला, पण तुला कसं सांगायचं, तूच सांग. बाबा गेले तेव्हा तू भेटायला आलास, आणि तासभर त्यांच्या चष्म्याच्या फ्रेमबद्दल बोललास. मला वाटलं ट्रिपला तरी जरा बोलता येईल. पाण्याकडे बघत. तुझ्याशीच. मेहुण्याशी नाही, तुझ्याशी. दोनदा तोंड उघडलं रे मी. एकदा चक्की आली, एकदा दरवाजा.
मी म्हणालो, आँ.
तो म्हणाला, बाबा मला लहानपणी त्या कालव्यावर न्यायचे. कागदाच्या होड्या सोडायला. एवढंच सांगायचं होतं.
मी पुन्हा आँ म्हणालो. ह्या वेळी वेगळ्या अर्थाने, पण तो फरक त्याला कळला नसावा. मग त्याने मशीन बंद केलं आणि चूळ भरा म्हणाला. मला, भरा!
घरी येईपर्यंत अर्धा चेहरा बधिर. होड्यांबद्दल त्याने आधीच स्पष्ट सांगायला हवं होतं. मी त्यासाठी वेगळा थांबा ठेवला असता.

८ मे, गुरुवार
दुकानात मन लागलं नाही. एका बाईंना दुसऱ्याच बाईंचा चष्मा दिला. घरी गेल्यावर नवरा तरुण दिसला म्हणाल्या.
शाळेत त्याचे वडील आमच्या दोघांच्याही पाटीवर छान घोडा काढून द्यायचे. आज आठवलं.

११ मे, रविवार
डेंटिस्टला मेसेज केला. पुढच्या रविवारी कालव्यावर. फक्त दोघं. पुस्तक आणणार नाही. तू बोल, मी ऐकतो. संध्याकाळी उत्तर आलं, ‘बघू.’ मग थोड्या वेळाने, ‘बरं.’
ही म्हणाली, जमेल का हो तुम्हाला? हसलो. गप्प बसायला काय अक्कल लागते?

१८ मे, रविवार. दुपार
गेलो. सबंध रस्ता एक शब्द बोललो नाही. दरवाजा आला, गप्प. पाणचक्की आली, तिच्याकडे पाठ केली. डेंटिस्ट दोनदा वळून बघून गेला, मला बरं नाही की काय म्हणून.
एका बाकाशी थांबलो. पाण्यावर झाडांची सावली. मग तो हळू आवाजात म्हणाला, इथेच बसायचे बाबा. नदीचं हे संथ पाणी त्यांना फार आवडायचं.
मी फक्त एवढंच म्हणालो की हे पाणी नदीचं नाही, डोंगरातल्या तलावाचं आहे.
एकच वाक्य. तेही दुरुस्ती म्हणून.
त्याने माझ्याकडे पाहिलं. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. हेल्मेटचा पट्टा लावला, सायकलवर बसला आणि निघाला. मी हाक मारली नाही. काय म्हणून मारायची, ते सुचलं नाही.
बसून राहिलो. थोड्या वेळाने एक म्हातारे गृहस्थ शेजारी येऊन टेकले. म्हणाले, हे पाणी येतं कुठून, माहीत आहे का तुम्हाला? मला पूर्ण माहीत होतं. नाही म्हणालो. मग त्यांनीच सांगितलं, कालवा कुणी खणला, का खणला, दरवाजे कसे चालतात. सगळं साफ चूक. बोट उलट्या बाजूने चढवली त्यांनी. मी ओठ दाबून बसलो. त्यांचं संपल्यावर माझा हात हातात घेऊन म्हणाले, तुमच्यासारखा ऐकून घेणारा माणूस हल्ली मिळत नाही हो.
हे डेंटिस्टला कळायलाच हवं म्हणून तिथूनच फोन लावला. त्याने कट केला. रविवार आहे, पण पेशंट असेल एखादा.