सुटली म्हण

॥ श्री ॥
पिंपळे गुरव
ता. ७ जुलै २०२४

ती. गोजाक्कास धाकट्या तानीचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नको, कुणी गेलं न्हाई. मीच परत आले. दोन वर्सं भिंतीकडं तोंड करून बसलेली तुझी बहीण काल सोसायटीच्या बायकांत फुगडी खेळली आन् एका रिटायर मास्तरणीला पाडून आली. फोन केला असता, पण तुझ्या कानातलं मशीन कुकरगत शिट्टी मारतं आन् सगळी आळी गोळा व्हती. त्यापरीस साक्षरतेच्या वर्गात दोघी शिकलो ते कामाला लावू.

हे सगळं त्या पांढऱ्या गोळीचं. आमचे हे गेल्यापास्नं मला मनाचा आजार जडला व्हता. नात माझी सुप्रिया, तिनं डॉक्टरीणबाईकडं नेलं. रोज सकाळी एक गोळी. पहिला महिना काय झालं न्हाई. मग एक दिवस चहाला वास आला. अक्का, दोन वर्सं चहाला वास न्हवता, हे मला तवा कळलं. मी कप घेऊन रडले, सुप्रिया म्हणली साखर कमी पडली का.

त्या दोन वर्सांत तू चाकणवरनं येऊन मला भरवायचीस, माझी वेणी घालायचीस. सगळी म्हणायची, गोजाबाईसारखी बहीण न्हाई. खरं हाय. पण वेणी लई ओढून घालतीस ग, तवा बोलायचं बळ न्हवतं, आता सांगते.

बरं, आपल्या मालोजीदादाचा पोरगा दादासाहेब आला व्हता, पेढे घेऊन. बाच्या जमिनीतला हक्क सोडला असं लिवलेला कागद काढला, म्हणला, आत्या, हितं सही. मी म्हणले, आधी सातबारा दाखव. बोट ठेवून वाचला. दादासाहेबाच्या खाली तू, तुझ्या खाली मी. तानाबाई. छापलेलं. जन्मात कुठं माझं नाव छापलं व्हतं का? तीनदा वाचलं आन् कागद परत दिला. पेढे ठेवून घेतले.

लोभ वाढव. वाढताना तुझा हात आखडतो ते ठाऊक हाय, तरी वाढव.
तुझी तानी


चाकण
ता. २५ जुलै २०२४

चि. तानीस अ. उ. आ.

पत्र पावलं. शेजारच्या शालनबाईला वाचून दाखवलं, ती पण काळजीत पडली. बहात्तराव्या वर्सी फुगडी? माणूस एवढं आपलं आपण हसत न्हाई बाई, गोळी हसवती. शालनबाईच्या जावेची अशाच गोळ्यांनी किडनी गेली.

दादासाहेब माझ्याकडं पण आला व्हता. मी तिथल्या तिथं सही द्यायला निघाले, तर म्हणला, एका आत्याच्या सहीनं भागत न्हाई, दोघींची पाहिजे. सह्या झाल्या तर भाऊबीजेला गाडी पाठवतो, ओवाळून घेतो, पैठणी नेसवतो. न्हाई तर दोघींना उंबरा बंद. दादा गेल्याला चार वर्सं झाली, चार दिवाळ्या मी ताट सजवून घरात बसले. तुला काय, तुला सोसायटी हाय. मला माहेर तेवढंच.

आजारात तू बरी व्हतीस, खोटं का बोलू. गप्प बसायचीस, म्हणलेलं ऐकायचीस. आता फटाफटा बोलतीस. गोळी सोड आन् सही कर. मोठी हाय म्हणून सांगते.

जिवाला जप, माया पातळ करू नको.
तुझी अक्का


पिंपळे गुरव
ता. १४ ऑगस्ट २०२४

ती. गोजाक्कास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून लई हसले. गोळी हसवती म्हणलीस ना, म्हणून मुद्दाम गोळी घ्यायच्या आधी परत वाचलं. तरी हसले.

पण तू मोठी हाईस, म्हणून इचार केला. गोळीचं वाईट ते आधी सांगते. तोंड कोरडं पडतं. भर पावसात घाम येतो. सुईत दोरा ओवताना हात जरा कापतो. आन् एक, शेजारची मयत झाली तर मला रडू आलं न्हाई, नुसती बसून राहिले, ते मला आवडलं न्हाई. आता चांगलं. झोप लागती. नातीच्या नवऱ्याचं नाव आठवतं. पोळी गोल येती. सकाळ झाली म्हणजे भ्या वाटत न्हाई. मरावं असं वाटायचं ते वाटत न्हाई. ते तुला कधी सांगितलं न्हवतं, आज सांगते.

सुप्रियानं मला डॉक्टरीणबाईपुढं बसवलं. मी इचारलं, बाई, कधी सोडायची? त्या म्हणल्या, आज्जी, जलमभर घ्या असं मी म्हणत न्हाई. नीट वर्स भरू द्या, मग मी सांगन तशी आधी पाऊण, मग अर्धी, अशी उतरवू. आपल्या मनानं एकदम सोडू नका, डोकं गरगरंल, आन् जुनं दुखणं परत आलं तर पहिल्यापरीस जोरात येईल. किडनीची तपासणी पण केली. तुझ्या किडनीपरीस बरी हाय.

सहीचं इचारू नको. जमीन नांगरणार न्हाई, इकणार न्हाई. नुसतं नाव राहू दे. आन् माहेर म्हणजे काय दादासाहेबाची गाडी? माझ्याकडं ये भाऊबीजेला, मी तुला ओवाळते. पैठणी न्हाई, पण वेणी मी घालीन तुझी, हळू. केस उरलं असतील तर.

राग धरू नको, लोभ धर.
तुझी तानी


चाकण
ता. १० सप्टेंबर २०२४

चि. तानीस अ. उ. आ.

केस उरलेत माझे. लहानपणी बा तुला खांद्यावर बसवून जत्रंला न्यायचा आन् मी मागनं चपला धरून चालायची. तवापास्नं तू हसतीस आन् मी मागनं चालते.

आता ऐक. तुला माझ्या गळ्याची शपथ हाय. ती गोळी परत तोंडात घातलीस तर माझं मेलेलं तोंड बघशील. आईनं दादाला शपथ घातली व्हती इहिरीत उतरू नको म्हणून. तो उतरला. महिन्यात आई गेली. इसरली नसशील, रात रात रडायचीस, म्हणायचीस दादानं आईला मारलं.

तुझ्या भल्यासाठीच घालते.
तुझी अक्का


पिंपळे गुरव
ता. २९ सप्टेंबर २०२४

ती. गोजाक्कास सा. न. वि. वि.

पत्र आलं तवा गोळी हातात व्हती. परत पाकिटात घातली. बारा दिवस झाले.

मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यागत व्हतं. दोनदा पडले. उलट्या व्हतात. सुप्रिया लई भांडली. डॉक्टरीणबाई म्हणल्या आजच्या आज परत सुरू करा. सुप्रियानं गोळी माझ्या ओठाला लावली, मी तोंड घट्ट मिटलं. तिला वाटतं मी हट्टी हाय. तिला कसं सांगू, एक घोट पाण्यात तुझा जीव हाय. ती म्हणती आज्जी, असं काय नसतं. नसंलही. पण तुझ्या जिवावर करून बघू का?

चहाला अजून वास हाय. रोज सकाळी आधी तेवढं बघते.

अक्का, केसांचं बोलले ते चुकलं. राग निवला असंल तर सुटली म्हण. तू घातलीस, तूच सोडायची, दुसऱ्या कुणाच्यानं सुटत न्हाई. लांब पत्र नको. कार्डावर एक शब्द लिव. मी पोस्टमनच्या टायमाला खाली जाऊन बसते.

लोभ हाय ना? तेवढं तरी कळव.
तुझी तानी


ता. २४ ऑक्टोबर २०२४

ती. अक्कास सा. न.

कार्ड आलं न्हाई. चहाचा वास गेला.

सुप्रिया कामावर गेल्यावर दादासाहेब आला. गाडीत घातलं, कचेरीत नेलं. सही केली. नाव वाचलं न्हाई.

आता तुझं झालं. सुटली म्हण. पाया पडते.

तानी


चाकण
ता. ६ नोव्हेंबर २०२४

चि. तानीस अ. उ. आ.

घरी आल्यापास्नं माझा आनंद पोटात मावंना, म्हणून लगेच लिवते. अशी भाऊबीज जन्मात झाली न्हवती! गाडीत गारेगार हवा. दादासाहेबानं दार स्वतः उघडलं, चाकणच्या चौकात गाड्या तुंबल्या व्हत्या तर मी काच खाली घेऊन बसले, शालनबाईच्या सुनेनं मला बघितलं. उंबऱ्यावर पाय धुतले माझे. माझी पैठणी मोरपंखी, तुझी डाळिंबी. तुझी मीच ठेवून घेतली. तुला आता कुठं नेसायची हाय.

आन् तू किती शहाण्यासारखी बसलीस! अगदी पहिल्यासारखी. ताट धरायला सांगितलं, धरलं. खाली ठेव म्हणले, ठेवलं. मी सगळ्यांदेखत तुझी वेणी घातली, भरवलं. दादासाहेबाची बायको म्हणली, आत्या, तुमच्यासारखी बहीण बघितली न्हाई. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

तुझ्या सुप्रियानं मात्र मला हात जोडले चारचौघांत, आज्जी, शपथ सोडा म्हणली. शिकलेली पोरगी, पण मोठ्यांत बोलायची रीत न्हाई. आन् तू निघताना माझा पदर धरून काय तरी पुटपुटत व्हतीस, एकच एकच शब्द. मशीन पिशवीत ठेवलं व्हतं, ऐकू आलं न्हाई.

पत्रं तुझी पावली दोन्ही. काय हाय, कागदावर नाव अजून हाय तुझं. फेरफार व्हायचा राहिलाय. तलाठ्याची नोटीस निघंल, तिची मुदत सरंपातूर कुणाला हरकत घ्यायची तर घेता येती, असं दादासाहेब म्हणला. तवा त्या शब्दाचं संक्रांतीला बघू. तवर दर आठवड्याला गाडी देतो म्हणलाय मला, तुझी वेणी घालायला. केस लई गळाय लागलेत तुझं, त्या दिवशी फणीत मूठभर आलं.

लोभ वाढव म्हणत न्हाई. हाय तसा गप्प राहू दे.
तुझी अक्का