उलट्या फुलांची खोळ

प्रिय ठमे,

पाकिटावरचं माझं अक्षर बघूनच तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. फाडायचं तर खुशाल फाड, पण शेवटपर्यंत वाचून.

परवा मी सोफ्याची खोळ शिवायला घेतली. हो, मीच, जिला साधं बटण लावायलाही आई लागते! तीन वर्षांपूर्वी आईने शिवलेली फुलाफुलांची खोळ पार विटली होती, पण आई काही केल्या तिला हात लावू देत नव्हती. शेवटी ती चार दिवस मावशीकडे गेली आणि मी डाव साधला. आई खोळ कशी बेतायची, आठवतं ना? कापड उलटं करून सोफ्यावर घालायचं, जागच्या जागी टाचण्या लावायच्या, खडूने रेघ मारायची आणि मग कात्री. आपण दोघी टाचण्यांची डबी धरून उभ्या. एक सुरकुती पडायची नाही. शेजारीण म्हणायची, हा सोफा खोळ घालूनच जन्माला आलाय. मला ते सात जन्मांत जमलं नसतं, म्हणून जुनीच खोळ उसवून तिचे तुकडे मापाला घ्यायचं ठरवलं.

खोळ उलटी केली आणि बघतच राहिले. प्रत्येक तुकड्याच्या कडेला जाड दोऱ्याच्या गाठी. पाठीच्या तुकड्याला एक, बैठकीला दोन, सोफ्याच्या हातांना तीन-तीन. खडूची रेघ औषधालाही नाही. आधी वाटलं, असेल आईची एखादी नवी युक्ती. मग डाव्या हाताचा तुकडा सुटून आला. त्यावरची फुलं उलटी आहेत, देठ वर आणि फुलं खाली. तू ती पाहिलेली नाहीस. तीन वर्षं आम्ही सगळे आईला चिडवतोय, की तिने फुलांना शीर्षासन करायला लावलं. ती आमच्याहून मोठ्याने हसायची, हीच फॅशन आहे म्हणायची. ठमे, तिला ती फुलं दिसलीच नव्हती! मी डोळे मिटून त्या गाठींवरून बोट फिरवलं आणि पायाखालची जमीनच सरकली.

मी तिच्याच घरात राहते गं! रोज समोर बसून जेवते. तिने पेपर वाचणं सोडलं, तेव्हा म्हणाली की बातम्यांचा वीट आला. सुईत दोरा ओवायला मला हाका मारायची, ते मी लाड समजले. तशीच उठून मावशीकडे गेले आणि आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. नजरेचा मधला भाग गेलाय म्हणाले, कडेकडेचं तेवढं दिसतं. दार दिसतं, टेबल दिसतं, वावरता येतं. पण समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही. चार-पाच वर्षं तरी झाली असतील, आणि गेलेलं आता परत यायचं नाही. मी तिथेच ओरडले तिच्यावर, सांगितलं का नाहीस म्हणून. तर म्हणे, तू माझं शिलाई मशीन उचलून माळ्यावर टाकलं असतंस.

आता नीट वाच. तुझ्या लग्नाला ती हट्टाने आली नाही, ते चुकलंच तिचं. पण त्यानंतर दोन महिन्यांनी कापडाच्या दुकानात तू तिच्या समोर जाऊन उभी राहिलीस. तूच मला रडत फोन केला होतास. मध्ये फक्त काउंटर होतं, तिने मान वर करून तुझ्या तोंडाकडे बघितलं आणि पुन्हा कापड चाचपायला लागली. आधी ती बोलेल तर मी बोलेन, असं ठरवून तू गप्प राहिलीस आणि तशीच निघून गेलीस. मी आईला विचारलं, तर ती म्हणाली, मला कुठे भेटली ती? मला वाटलं, बाई धडधडीत खोटं बोलतेय. तुम्ही दोघी म्हणजे एकाच माळेचे मणी, म्हणून मी नाद सोडला. माझी चूक एवढी मोठी आहे की माफी कशी मागू, तेही कळत नाही. त्या दिवशी ती हेच फुलांचं कापड घेत होती.

काल मी तिला सगळं सांगितलं. ती पांढरीफटक पडली. इतकी वर्षं ती समजत होती की लग्नाला न आल्याचा राग धरून तू येत नाहीस, आणि कोणत्या तोंडाने बोलावू म्हणून गप्प होती. बराच वेळ त्या उलट्या फुलांवरून हात फिरवत बसली. मग एवढंच विचारलं, किती वेळ उभी होती गं ती?

म्हणून हे पत्र. रविवारी ये, नवऱ्यालाही घेऊन ये. खोळीचे तुकडे मी तसेच ठेवलेत. टाचण्या आपण लावू, कुठली गाठ कुठे ते आई सांगेल. फक्त माझं एक ऐक. दारात येऊन गप्प उभी राहू नकोस. आधी मोठ्याने आईला हाक मार.

तुझीच,
ताई